ब्रोमाइड प्रिंट पिवळी पडली? आधी डाग नेमका कुठे आहे ते बघा

तक्रार नेहमीचीच. डार्करूममध्ये ट्रेमधून काढली तेव्हा ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे चांदीच्या क्षारांच्या कागदावरचा काळा-पांढरा फोटो, झकास होती. दोन पावसाळे गेले आणि कुठे पिवळट झाक आली, कुठे तपकिरी ढग उमटले, कुठे कडेला निळसर चकाकी दिसू लागली. मग ठरलेलं उत्तर मिळतं: "धुण्यात कमी पडलं असेल." काही वेळा ते खरंही असतं. पण फिक्सरची (उजेड न लागलेले चांदीचे क्षार कागदातून काढणाऱ्या द्रावणाची) ताकद संपलेली असताना केलेली प्रिंट दिवसभर नळाखाली ठेवली तरी ती पिवळी पडणारच, आणि नीट धुतलेली प्रिंटही नव्या ऑइल पेंटच्या भिंतीवर लावली तर बिघडू शकते. तिन्ही दोष वेगळे आहेत, तिन्हींची खूण वेगळी आहे आणि उपायही वेगळे आहेत.

"फोटो जुना झाला की पिवळा पडतोच" हेही खरं नाही. घरातला जुना अल्बम उघडून बघा. एकाच लग्नातले, एकाच पानावर चिकटवलेले दोन फोटो असतात. एक अजून ठणठणीत काळा-पांढरा, शेजारचा चहा सांडल्यासारखा. वय एकच, हवा एकच. फरक पडला तो त्या दिवशी ट्रेमध्ये काय होतं त्याने.

निदान कसं करायचं

प्रिंट फ्रेममधून किंवा पाकिटातून बाहेर काढा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात आधी सरळ बघा, मग तिरकी धरून बघा. तीन जागा तपासायच्या: पांढरी बॉर्डर, चित्रातले सगळ्यात उजळ भाग (पांढरा सदरा, आकाश, कपाळ) आणि सगळ्यात गडद भाग, विशेषतः कडांजवळचे.

बॉर्डर आणि पांढरे भागच पिवळट-तपकिरी झाले असतील, तर कागदात न विरघळलेली चांदीची संयुगं राहिली आहेत. दोष फिक्सिंगचा.

बॉर्डर बऱ्यापैकी पांढरी आहे, पण चित्र स्वतःच पिवळट-तपकिरी झालंय आणि उजळ भागातले तपशील उडालेत, तर कागदात हायपो (फिक्सरमधलं थायोसल्फेट) राहिलाय किंवा बाहेरून गंधकाचे वायू लागलेत.

तिरकी धरल्यावर गडद भागावर आरशासारखी निळसर चमक दिसते, किंवा नारिंगी-पिवळे बारीक ठिपके दिसतात, तर चांदीचं ऑक्सिडेशन झालंय. दोष साठवणीचा आणि हवेचा.

आणि सगळी प्रिंट एकसारखी तपकिरी असून सावल्या दाट, उजळ भागातले तपशील शाबूत असतील, तर ती बिघडलेली नाहीच. जुन्या स्टुडिओत मुद्दाम सेपिया टोन करत असत. सेपिया प्रिंटमध्येही चांदीचं सल्फाइडच असतं आणि हायपोने पिवळ्या पडलेल्या प्रिंटमध्येही तेच. टोनिंगमध्ये सगळी चांदी ठरवून, पूर्णपणे बदललेली असते. बिघडलेल्या प्रिंटमध्ये ती अर्धीमुर्धी, वर्षानुवर्षं, जिथे चांदी कमी तिथे आधी अशी बदलते. म्हणून उजळ भाग सगळ्यात आधी जातात.

(एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या काळातल्या प्रिंट्स बहुतेक अल्ब्युमेन कागदावरच्या. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा तो थरच काळाने पिवळा होतो. त्यांना इथले निकष लावू नयेत.)

पांढऱ्यावर पिवळं: फिक्सर संपलेला होता

फिक्सरचं काम दोन टप्प्यांत होतं. उजेड न लागलेल्या चांदीच्या क्षारांवर थायोसल्फेट आधी जे संयुग बनवतं ते पाण्यात जेमतेम विरघळतं आणि कागदाच्या तंतूंना धरून बसतं. ताज्या थायोसल्फेटचा पुरवठा चालू राहिला की त्याचंच पुढचं, सहज विरघळणारं संयुग होतं आणि पाण्याबरोबर निघून जातं. फिक्सरमध्ये चांदी साचत गेली की हा दुसरा टप्पा अडकतो. प्रिंट दिव्याखाली अगदी स्वच्छ दिसते, कारण ते संयुग रंगहीन असतं. काही महिन्यांनी ते फुटतं, चांदीचं सल्फाइड तयार होतं आणि पांढरा कागद तपकिरी होत जातो.

नळाचं पाणी इथे काही करू शकत नाही. जे विरघळतच नाही ते धुऊन कसं जाईल?

म्हणून फिक्सरला किती प्रिंट्स झाल्या हे मोजायलाच हवं. इल्फोर्डच्या रॅपिड फिक्सरचं उदाहरण घ्या. १ भाग फिक्सर आणि ४ भाग पाणी या प्रमाणात एका लिटरमध्ये ८×१० इंची सुमारे ४० फायबर प्रिंट्स (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदावरच्या) होतात. पण ही क्षमता सर्वसाधारण वापरासाठीची आहे. तेव्हा फिक्सरमध्ये लिटरमागे सुमारे २ ग्रॅम चांदी साचलेली असते. प्रिंट पिढ्यान्‌पिढ्या टिकायची असेल तर ही मर्यादा लिटरला अर्ध्या ग्रॅमवर येते, म्हणजे जेमतेम १० प्रिंट्स. चाळीस आणि दहा यांतल्या फरकातच पुष्कळ पिवळ्या प्रिंट्सचं मूळ आहे.

दहा प्रिंट्सनंतर लिटरभर फिक्सर ओतून द्यायचा जिवावर येतं, त्यावर उपाय दोन ट्रेंचा. प्रिंट पहिल्या फिक्सरमध्ये निम्मा वेळ, दुसऱ्यात निम्मा वेळ. जवळजवळ सगळी चांदी पहिल्यात उतरते, दुसरा ताजाच राहतो. पहिल्याची मोजणी पूर्ण झाली की तो टाकायचा, दुसरा पहिल्याच्या जागी आणायचा आणि दुसऱ्या जागी नवा बनवायचा. अशी अदलाबदल चार-पाच वेळा झाली किंवा आठवडा उलटला की दोन्ही टाकून नव्याने सुरुवात करायची. टाकायचा फिक्सर विहिरीजवळ किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, त्यात चांदी असते.

साधा हायपो घरी बनवत असाल तर लिटरला २५० ग्रॅम सोडियम थायोसल्फेटचे खडे आणि २५ ग्रॅम सोडियम मेटाबायसल्फाइट. पाणी कोमट घ्या, कारण खडे विरघळताना भांडं हाताला गार लागेल इतकं पाणी थंड होतं. मेटाबायसल्फाइट मात्र द्रावण गार झाल्यावरच, सावकाश टाका. गरम द्रावणात टाकलं तर गंधक सुटून सगळं दुधाळ होतं. दुधाळ झालेला फिक्सर गाळून वापरायचा मोह टाळा. त्यातलं गंधकच उद्या चांदीला लागणार आहे. या साध्या हायपोत फायबर कागदाला दोन ट्रेंत ५-५ मिनिटं द्या. रॅपिड फिक्सर १+४ मध्ये एकूण १ मिनिट पुरतं, आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाला ३० सेकंद. "जास्त वेळ ठेवला तर जास्त पक्कं" हा समज रॅपिड फिक्सरबाबत उलटतो: फायबर कागद आणि त्यातला बॅराइटाचा (बेरियम सल्फेटचा) थर हायपो पिऊन घेतात, धुणं लांबतं आणि नाजूक हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, विरळ होऊ लागतात.

फिक्सरची झटपट परीक्षा: १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड. परीक्षानळीत ५ मिली वापरलेला फिक्सर घेऊन त्यात दोन-तीन थेंब टाका. ढग आला आणि हलवल्यावर विरला तर चालेल. पिवळट साका तसाच राहिला तर फिक्सर गेला. साध्या हायपोला ही परीक्षा चांगली लागू पडते. रॅपिड फिक्सरमधलं अमोनियम थायोसल्फेट आयोडाइडचा साकाही सहज विरघळवतं, त्यामुळे तिथे प्रिंट मोजण्यावरच विसंबा.

प्रिंटची परीक्षा याहून महत्त्वाची. १०० मिली पाण्यात २ ग्रॅम सोडियम सल्फाइड हे मूळ द्रावण. वापरताना १ भागाला ९ भाग पाणी. धुतलेल्या प्रिंटच्या पांढऱ्या बॉर्डरवर एक थेंब, तीन मिनिटं थांबा, टिपकागदाने टिपा. फिकट सायीच्या रंगापलीकडे पिवळं दिसलं की चांदी राहिली आहे. प्रिंट लगेच ताज्या फिक्सरमध्ये घालून पुन्हा पूर्ण धुवा. डाग दिसू लागण्याआधी पकडलं तर प्रिंट वाचते. सल्फाइड आम्लाजवळ अजिबात नेऊ नका, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. न वापरलेल्या कागदाच्या डब्यांपासूनही ते लांब ठेवा, कागद धूसर होतो. सल्फाइड नको असेल तर १+९ सेलेनियम टोनरचा थेंब दोन-तीन मिनिटं ठेवूनही हीच परीक्षा होते.

प्रत्येक प्रिंटवर थेंब कशाला टाकायचा? त्याच कागदाची उजेड न लागलेली एक पट्टी शेवटच्या प्रिंटबरोबर सगळ्या ट्रेमधून काढा आणि परीक्षा तिच्यावर करा.

चित्र पिवळट, हायलाइट्स गायब: हायपो कागदात राहिला

हा सगळ्यात जुना रोग. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ साली यावर समिती नेमली होती आणि तिनेही मुख्य बोट ठेवलं ते कागदात राहिलेल्या हायपोवर, हवेतल्या गंधकावर आणि ओलाव्यावर.

आरसी कागदाचं सोपं आहे. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असल्याने हायपो फक्त वरच्या, चित्र धरून ठेवणाऱ्या जिलेटिनमध्ये शिरतो. वाहत्या पाण्यात दोन मिनिटं पुरतात. फायबर कागद स्पंजासारखा. नुसत्या पाण्याने त्याला तासभर लागतो. मधे धुण्याला मदत करणारं द्रावण घातलं तर क्रम असा होतो: ५ मिनिटं वाहतं पाणी, १० मिनिटं २ टक्के सोडियम सल्फाइट (लिटरला २० ग्रॅम), पुन्हा ५ मिनिटं वाहतं पाणी. हे गणित एका मिनिटाच्या रॅपिड फिक्सिंगचं आहे. दहा मिनिटं हायपोत भिजलेल्या प्रिंटला शेवटचं धुणं बरंच वाढवावं लागतं. सल्फाइटचं द्रावण दिवसाअखेर टाकून द्या, उघड्यावर ते लवकर मरतं.

वाहतं पाणी नसेल, आणि मार्च ते जून पुष्कळ गावांत ते नसतंच, तर ट्रे भरून-ओतून धुता येतं. सल्फाइटनंतर ५-५ मिनिटांचे सहा ते आठ ट्रे, प्रत्येक वेळी पूर्ण ओतून, मधून मधून प्रिंट्स खालून वर फिरवत. प्रिंट्स एकमेकींना चिकटल्या की मधल्या भागात पाणी पोचतच नाही. पुढे अशा प्रिंटवर एका कोपऱ्यात किंवा मध्यावर पिवळा पट्टा येतो आणि बाकी चित्र शाबूत राहतं. धुणं चालू असताना फिक्सरमधून आलेली नवी प्रिंट त्याच ट्रेत टाकली तर सगळ्यांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून.

बोअरच्या पाण्याची भीती बाळगू नका. पाण्यातल्या क्षारांमुळे हायपो उलट लवकर सुटतो. समुद्राच्या पाण्यातही तो झपाट्याने निघतो. फक्त शेवटचं खळबळणं स्वच्छ पाण्यात करा, नाहीतर सुकल्यावर पांढरी पुटं दिसतात.

तुरटीचा मुद्दा आपल्याकडे खास. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की जिलेटिन फुगून मऊ पडतं, म्हणून फिक्सरमध्ये हार्डनर घालतात. तो बहुधा पोटॅश ॲलम, म्हणजे तुरटीच. त्याने थर घट्ट होतो, पण हायपोही धरून ठेवला जातो. हार्डनर वापरलात तर सल्फाइटचं द्रावण टाळू नका आणि धुण्याचा वेळ वाढवा. शक्य असेल तर ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून २०-२४ अंशांवर काम करा आणि तुरटीला सुट्टी द्या.

धुऊन झाल्यावरची परीक्षा: २८ टक्के ॲसिटिक ॲसिड १२.५ मिली, सिल्व्हर नायट्रेट ०.७५ ग्रॅम, आणि डिस्टिल्ड पाणी घालून एकूण १०० मिली. ग्लेशियल ॲसिड असेल तर ३ भाग ॲसिड ८ भाग पाण्यात ओतून २८ टक्के होतं. ओतायचं ॲसिड, पाणी नव्हे. नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोराइडने द्रावण पांढरं होतं. तपकिरी बाटलीत ठेवा, हातमोजे घाला. बॉर्डरवर एक थेंब, मंद उजेडात दोन मिनिटं, मग टिपा. जेमतेम दिसेल इतका फिका डाग ठीक. चहाच्या रंगाचा डाग म्हणजे पुन्हा धुवा.

पोटॅशियम परमँगनेटची परीक्षा बरेच जण करतात कारण ते कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. ती परीक्षा धुण्याच्या पाण्यात हायपो आहे का ते सांगते. कागदाच्या पोटात काय आहे ते तिला कळत नाही.

इतकं करूनही हायपो परत लागतो ती जागा म्हणजे सुकवणं. ग्लेझरचं (प्रिंट तापवून सुकवणाऱ्या यंत्राचं) कापड, टिपकागद, जुनी जाळी. एखादी अर्धवट धुतलेली प्रिंट त्या कापडावर सुकली की पुढच्या सगळ्या प्रिंट्सना त्यातलं थोडं थोडं मिळतं, तेही गरम असताना. प्रिंट मागच्या बाजूने पिवळी व्हायला लागली तर आधी कापड बदला. नायलॉनची जाळी दर वेळी धुता येते, तीच बरी.

आणि उलटा अतिरेकही नको. पूर्वी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचा हायपो एलिमिनेटर वापरून शेवटचा कणही काढत. आता तो सुचवला जात नाही: पेरॉक्साइड चांदीलाच खातं, आणि हायपोचा अगदी नाममात्र अंश उलट चांदीला थोडं संरक्षण देतो.

आरसा आणि नारिंगी ठिपके: हवा बाधली

इथे डार्करूममधलं काम बिनचूक असू शकतं. हवेतले पेरॉक्साइड, ओझोन, नायट्रोजनची ऑक्साइड्स चांदीच्या कणांतून आयन सुटे करतात. दमट जिलेटिनमध्ये ते आयन सरकतात आणि दुसरीकडे पुन्हा चांदी होऊन बसतात. पृष्ठभागावर बसले तर आरसा. आतच अतिसूक्ष्म कण झाले तर पिवळे-नारिंगी ठिपके. हे सगळं चालतं ओलाव्याच्या जोरावर, म्हणून कोकणात आणि मुंबईत त्याचा वेग जास्त.

दिवाळीआधी घराला रंग काढतात, भिंतीला ऑइल पेंट लागतो, आणि वास जायच्या आत आजोबा-आजींच्या तसबिरी परत खिळ्यावर चढतात. सुकणारा ऑइल पेंट हवेत पेरॉक्साइड सोडतो. तसबिरी किमान महिना-दीड महिना त्या खोलीत आणू नका. तीच गोष्ट नव्या प्लायच्या कपाटाची आणि फ्रेममागे ठोकलेल्या हार्डबोर्डची. झेरॉक्स मशीनशेजारचा अल्बम, रबरबँड लावलेला गठ्ठा (रबरातून गंधक), पीव्हीसीची पाकिटं, चिकट पानांचे अल्बम: सगळे एकाच यादीतले. डांबरगोळ्या यातलं काहीही थांबवत नाहीत.

आरसी प्रिंट काचेखाली सतत उजेडात असेल तर तिला आणखी एक धोका. कागदाला पांढरेपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात स्वतःच ऑक्सिडंट तयार करतं, आणि बंद फ्रेममध्ये ते बाहेर जात नाही. भिंतीवर लावायची प्रिंट फायबरवर काढा. आरसीवरच काढायची असेल तर टोन केल्याशिवाय फ्रेम करू नका.

खरं संरक्षण टोनिंगचंच. सेलेनियम १+९ ते १+२०, रंगात थोडा बदल डोळ्याला दिसेपर्यंत, हातमोजे घालून, हवेशीर जागेत. फार पातळ द्रावणात झटपट बुडवून काढलं तर फक्त सावल्या सुरक्षित होतात, उजळ भाग उघडेच. सेपिया किंवा पॉलिसल्फाइड टोनर उजळ भागांनाही झाकतो. सेलेनियममध्ये पांढऱ्या भागावर पिवळे-गुलाबी डाग उठले तर टोनरला दोष देऊ नका, त्याने अपुरं फिक्सिंग उघड केलं. टोन करायचंच नसेल तर अ‍ॅडॉक्सचं अ‍ॅडोस्टॅब हे चांदीला जपणारं द्रावण सगळ्यात शेवटी वापरता येतं; त्यानंतर प्रिंट धुवायची नाही, पुसून सुकवायची.

फ्रेममध्ये काच प्रिंटला टेकता कामा नये. दमट दिवसांत जिलेटिन काचेला चिकटतं आणि मग ते सोडवणं जवळजवळ अशक्य. मधे माउंटची खिडकी हवी, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही. गठ्ठा ठेवायचा तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत, लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत. सिलिका जेल ठेवत असाल तर रंग बदलला की भाजून कोरडं करा, नाहीतर ती पुडी नुसती शोभेची.

डाग त्याच दिवशी आला तर

तो वरच्यांपैकी कुठलाच नाही. डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) थकलेला, प्रिंट डेव्हलपरमधून वारंवार हवेत उचललेली, स्टॉप बाथची (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या आम्ल द्रावणाची) ताकद संपल्याने डेव्हलपर फिक्सरमध्ये गेलेला, किंवा एकच चिमटा सगळ्या ट्रेंत फिरवलेला. ताजी द्रावणं आणि प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा, इतकंच.

पिवळी झालेली प्रिंट परत आणता येते का

आधी कॉपी करा, मगच बाकीचे विचार. सल्फाइड झालेली चांदी पुन्हा फिक्स करून काळी होत नाही. ब्लीच करून पुन्हा डेव्हलप करण्याचा सल्ला मिळेल. कागदात हायपो शिल्लक असेल तर ब्लीचमधलं फेरिसायनाइड आणि हायपो मिळून चित्र विरघळवणारा रिड्यूसर तयार होतो, आणि डोळ्यांदेखत चित्र निघून जातं. एकुलत्या एका प्रिंटवर हे करू नये. बुरशी लागलेली प्रिंट तर पाण्यात घालूच नका. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं केलेलं असतं, थर वाहून जातो. आरसा खोडरबराने घासणं हाही तोटाच.

कॉपी मात्र मूळ प्रिंटपेक्षा चांगली निघू शकते. रंगीत स्कॅन करा, ग्रे मोडमध्ये नको. पांढऱ्या भागावर पिवळे डाग असतील तर लाल चॅनल घ्या. त्यात पिवळं पांढऱ्यासारखंच दिसतं आणि डाग विरतात. चित्रच पिवळं पडून फिकं झालं असेल तर निळा चॅनल घ्या. पिवळं सल्फाइड निळा उजेड शोषतं, त्यामुळे डोळ्याला गेल्यासारखी वाटणारी सदऱ्याची घडी, नऊवारीच्या काठाची नक्षी त्या चॅनलमध्ये गडद होऊन परत दिसते. दोन्ही दोष एकाच प्रिंटवर असतील तर दोन्ही चॅनल वेगळे सेव्ह करा आणि भागांनुसार जोडा.